अनारसे, अफू आणि कपाटातली बाटली

'माजघर' या सदरात यंदाही भेटतोय. गेल्या दिवाळी अंकात मी चकलीची भाजणी इथल्या मिक्सरमध्ये कशी दळायची ते लिहिलं होतं, आणि त्यावर वर्षभर फोन येत राहिले. त्यामुळे यंदा संपादकांनी आधीच बजावलं, "काहीतरी गोड लिही." ठीक आहे, अनारशांपासून सुरुवात करते. शेवटपर्यंत गोडच राहील असं वचन मात्र देत नाही.

अनारशांचं पीठ झालं की पहिली परीक्षा तुपात. अनारसा हसला, म्हणजे कढईत विरघळून पसरला, की सगळी मेहनत पाण्यात. माझे पहिले चार दरवर्षी हसतात. पाचव्याला जाळी पडते. तो खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दुबईला राहणारी माझी नणंद मात्र अनारसे तिळावर थापते. तिकडे खसखस नेण्याला आणि बाळगण्याला बंदी आहे. पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी हसले होते. "खसखशीला कसली बंदी? ती काय अफू आहे?"

आहेच की. म्हणजे झाड तेच. अफूचं बोंड हिरवं असताना त्याला उभ्या चिरा पाडल्या की रात्रभरात पांढरा चीक बाहेर येतो, तो काळपट पडून घट्ट होतो, सकाळी खरवडून घेतात. ती अफू. बोंड झाडावरच वाळू दिलं की आत खुळखुळते ती खसखस. बियांच्या आत नशेचं द्रव्य जवळजवळ नसतं, पण चिकाचा अंश बाहेरून चिकटलेला राहू शकतो. एवढ्यावरूनही लघवीच्या तपासणीत घोळ होऊ शकतो, म्हणून २०२३ साली अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखशीचे पदार्थ टाळायला सांगितलं होतं. आपण फराळात खातो तेवढ्या खसखशीने कुणाला नशा चढत नाही, काळजी नसावी. पण त्याच बोंडाच्या चिकाबद्दल आज लिहायचं आहे, कारण गेल्या दीड वर्षात तो माझ्या घराच्या फार जवळ येऊन गेला.

अफूची पहिली गोष्ट मी ऐकली ती आजीकडून. आजी परळच्या चाळीत वाढली. तिथल्या बायका गिरणीत कामाला जाताना तान्ह्या बाळाला 'बाळागोळी' चाटवायच्या. तिच्यात अफू असे. आई पाळीवरून परत येईपर्यंत बाळ झोपून राही. आजी हे सांगताना शेवटी आवाज खाली आणायची, "काही पोरं उठायचीच नाहीत गं." का उठायची नाहीत, हे मला बरंच नंतर कळलं.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं, अशी एकूण सहा वर्षं मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. चेतासंस्थेचा धडा आला की मी फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढायची. आज फळा नाही, पण चित्र तेच घेऊ या.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. एक पेशी रसायन सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्या आकाराची कुलपं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. किल्ली बसली, फिरली, की त्या पेशीचं काम वाढतं किंवा मंदावतं. अफूतलं मुख्य द्रव्य मॉर्फिन जर्मनीतल्या सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषध-सहायकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिलं. पण ते शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला १९७३ साल उजाडलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट या विद्यार्थिनीने आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतली ती कुलपं दाखवून दिली. न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही त्याच वर्षी हेच शोधलं.

मग वर्गात एखादा हुशार मुलगा हमखास विचारायचा, "मॅडम, पण आपल्या डोक्यात अफूसाठी कुलूप कशाला?" प्रश्न अगदी बरोबर. निसर्गाने आपल्या मेंदूत शेतातल्या बोंडासाठी कुलूप बसवलं नव्हतं. किल्ली आपली स्वतःचीच असणार. ती १९७५ साली सापडली. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून असं द्रव्य वेगळं केलं, जे मॉर्फिनसारखं काम करत होतं. त्याला एन्केफॅलिन म्हणतात. त्याच कुळातल्या एंडॉर्फिनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शब्दाचा अर्थच मुळी 'शरीरातलं मॉर्फिन'. जखम झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत दुखणं जाणवत नाही, त्यात या आपल्या किल्ल्यांचा हात असतो. त्या थेंबाथेंबाने सुटतात आणि लगेच विरघळतात. बाहेरून आलेलं मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, हेरॉइन, फेंटॅनिल या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. ती पुरासारखी येतात आणि तासन्‌तास कुलपात बसून राहतात.

ही कुलपं शरीरात कुठे कुठे आहेत ते पाहिलं की सगळी गोष्ट उलगडते. त्यांचे प्रकार तीन, पण आपल्या गोष्टीत महत्त्वाचा 'म्यू' नावाचा.

पहिली जागा पाठीचा कणा. पायाला लागलेल्या ठेचेची बातमी मेंदूकडे निघते, ती तिथेच अडवली जाते. मेंदूतही दुखण्याचा जो 'जीव नकोसा होतो' असा भाग आहे, तो बोथट होतो. म्हणून मॉर्फिन घेतलेले रुग्ण सांगतात, "दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही."

दुसरी जागा आतडं. तिथे किल्ली फिरली की हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठ होतं. जुलाबावर आपण घेतो ती लोपेरामाइडची गोळी याच कुळातली आहे. पण नेहमीच्या मात्रेत ती मेंदूत शिरू शकत नाही, शिरली तर तिला परत बाहेर ढकललं जातं. एकाच कुळातली एक गोळी पोट थांबवते आणि दुसरी श्वास थांबवते, फरक फक्त दार ओलांडण्याचा.

तिसरी जागा बक्षिसाची. मेंदूच्या मध्यभागी काही पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात. जेवण, कौतुक, प्रेम यांनी ते थोडं थोडं सुटतं आणि मेंदू नोंद करतो, 'हे चांगलं होतं, पुन्हा कर.' या पेशींवर दुसऱ्या पेशींचा ब्रेक असतो. ओपिऑइड त्या ब्रेकवरचा पायच उचलतं. डोपामिन उसळतं आणि मेंदूच्या वहीत मोठ्या अक्षरात नोंद होते. माणूस किती शहाणा, किती सुशिक्षित, घरी देवापुढे दिवा लागतो की नाही, हे त्या पेशी विचारत नाहीत.

आणि चौथी जागा मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, देठासारखा जो भाग असतो तिथे. झोपेत आपण श्वास घेतो तो याच्या भरवशावर. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हा भाग हुकूम सोडतो, 'श्वास घे.' ओपिऑइड हा हुकूमच मंदावतं. मात्रा जास्त झाली की माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही. शांत झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास घ्यायचा राहून जातो. बरोबर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. परळच्या चाळीतली ती बाळं का उठायची नाहीत, याचं उत्तर इथे होतं.

आता सवयीचं. बाहेरून रोज किल्ल्यांचा पूर येऊ लागला की पेशी गप्प बसत नाहीत. काही कुलपं आत ओढून घेतात, काहींचा प्रतिसाद कमी करतात. कालच्या गोळीने आज भागत नाही. त्याच वेळी मेंदूतला सावधपणाचा कारखाना, जो ओपिऑइडमुळे दबलेला असतो, तो आतून जास्त जोर लावून काम करायला शिकतो. मग एक दिवस गोळी बंद झाली की दाब गेला, पण जोर तसाच राहिला. घाम, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, पाय झाडणं, झोप उडणं. हे नाटक नव्हे, पेशींचं बिघडलेलं गणित आहे.

इथे मी वर्गात खडू खाली ठेवायची, कारण पुढचा फरक लिहून घेण्याजोगा आहे. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे रोज ओपिऑइड घेणाऱ्या कुणाच्याही शरीराला सवय होते. ते औषध डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करू शकतात. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही ओढ आवरत नाही अशी अवस्था. तिथे डोपामिनच्या नोंदी इतक्या खोल गेलेल्या असतात आणि कपाळामागचा 'थांब' म्हणणारा भाग इतका दुबळा झालेला असतो की नुसत्या निश्चयाने भागत नाही. हा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे आपली कॉलेजातली मुलं ब्रेक पुरते बसायच्या आधीच गाडी चालवत असतात.

हा फरक मी सहा वर्षं शिकवला. आणि २०१८ मध्ये माझ्याच घरी विसरले.

बाबांच्या प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. ते सांगलीला, मी इथे ओहायोत. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. काका म्हणाले, "अहो, अफूच ती! दादाला काय गर्दुल्ला करायचाय?" आईने मला फोन केला. इथे पहाटेचे तीन वाजले होते. मी एम. ए., मानसशास्त्राची शिक्षिका, आणि मी म्हणाले, "आत्ता नको, आई. शेवटी लागेल तेव्हा बघू." बाबा त्यानंतर तीन आठवडे कण्हत राहिले. कूस बदलताना ओरडायचे. व्हिडिओ कॉलवर आई फोन त्यांच्यापासून लांब धरायची, मला दिसू नये म्हणून.

शेवटी वेदनाशामक उपचारांच्या एक डॉक्टर घरी आल्या. मी फोनवर होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" मी म्हणाले, "व्यसनाची." त्या म्हणाल्या, "ताई, त्यांच्याकडे थोडे महिने आहेत. त्यांतले तीन आठवडे आपण भीतीपायी घालवले." मॉर्फिन सुरू झालं, बरोबर पोट साफ राहायचं औषधही. चौथ्या दिवशी बाबा उशीला टेकून बसले आणि पेपरातलं शब्दकोडं मागितलं. पुढचे अडीच महिने ते सोडवत होते. ते तीन आठवडे मी त्यांना परत देऊ शकत नाही.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, जगभरच्या औषधांसाठी जाते, आणि आपल्याच देशातले कॅन्सरचे रुग्ण मॉर्फिनशिवाय तळमळत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लावले की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांची पॅलियम इंडिया ही संस्था यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं झगडून २०१४ साली तो कायदा सुधारून घेतला. कायदा बदलला, पण काकांच्या तोंडचं वाक्य घरोघरी अजून आहे.

तिकडे गरजेपेक्षा भीती जास्त. इकडे अमेरिकेत नेमकं उलट झालं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिच्याने व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार केला. तो दिशाभूल करणारा होता, हे २००७ साली कोर्टात कंपनीने कबूल केलं. तोवर गोळ्या घराघरांत पोचल्या होत्या. आमच्या घरापासून दोनेक तासांवर ओहायो नदीकाठी पोर्ट्समथ नावाचं गाव आहे. रोख पैसे घेऊन गोळ्या लिहून देणारे दवाखाने तिथे दुकानांसारखे उघडले होते. २०११ मध्ये राज्याने कायदा करून ते बंद केले. पण बंद झाला तो पुरवठा, पेशींचं गणित नव्हे. लोक हेरॉइनकडे वळले, आणि मग आलं फेंटॅनिल, मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र. त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण, जीव घेऊ शकतात. हुबेहूब औषधासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत ते मिसळलेलं असतं. २०२२ साली या देशात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यांतली तीन चतुर्थांश ओपिऑइडने. २०२४ मध्ये एकूण आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. उतरला म्हणायचं, तरी रोजचे दोनशेहून जास्त.

हे आकडे मी वाचत होते, पण दुसऱ्यांचे म्हणून. "आपल्या मुलांमध्ये असलं काही नसतं," हे वाक्य मंडळाच्या बैठकीत मी स्वतः ऐकलंय आणि मान डोलावली आहे.

गेल्या वर्षी वसंतात माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा कॉलेजातून अचानक घरी आला. "डिहायड्रेशन झालं होतं," ती म्हणाली. मी मुगाची खिचडी आणि कढी पोचवली. चार महिन्यांनी, गणपतीच्या आदल्या दिवशी, मोदकांची उकड काढताना ती माझ्या ओट्याला टेकून रडू लागली. डिहायड्रेशन नव्हतं.

अकरावीत टेनिस खेळताना त्याचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. संपल्यावर दुखत होतं की हवंसं वाटत होतं, हे त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं. मग मित्रांकडच्या, मग कुणाच्या घरातल्या, मग फोनवरून मागवलेल्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका शनिवारी रूममेटने पाहिलं तर हा पलंगावर, ओठ निळे, घशातून घरघर. त्या मुलाने कॉरिडॉरच्या भिंतीवरच्या पेटीतला नाकात मारायचा स्प्रे आणला, मारला आणि ९११ ला फोन केला. तीन मिनिटं गेली, दुसरा स्प्रे मारला. मग याने श्वास घेतला.

तो स्प्रे म्हणजे नॅलोक्सोन. याला मी 'खोटी किल्ली' म्हणते. ती कुलपात मॉर्फिनपेक्षा घट्ट बसते, मॉर्फिनला ढकलून बाहेर काढते, पण स्वतः फिरत नाही. देठातला हुकूम पुन्हा सुरू होतो. गंमत बघा, १९७३ मध्ये पर्टबाईंनी ती कुलपं शोधली तीही हीच किल्ली वापरून, तिला किरणोत्सर्गी खूण लावून. २०२३ पासून हा स्प्रे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. ओहायोत 'प्रोजेक्ट डॉन' हा सरकारी उपक्रम तो फुकट देतो, आणि त्याची सुरुवात २०१२ मध्ये त्याच पोर्ट्समथला झाली.

तो मुलगा आता ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. ही किल्ली कुलपात अर्धीच फिरते. ओढ आणि आजारपण थांबतं, नशेची उसळी येत नाही. घरचे काही जण म्हणतात, "एक नशा सोडली आणि दुसरी धरली." तसं नाही. मधुमेहाला इन्शुलिन घेणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. आणि हेही लक्षात ठेवा, काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते. तेव्हा जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. म्हणून उपचाराशिवाय नुसतं 'सोडून दाखव' म्हणणं धोक्याचं आहे.

मध्ये तो आमच्याकडे आला होता. चहा घेताना स्वतःहूनच म्हणाला, "मावशी, सुरुवातीचे थोडेच दिवस छान वाटलं. नंतर छान वाटायचंच नाही. फक्त आजारी पडू नये म्हणून घ्यायचो." मी वर्गात जे गणित शिकवत होते, ते त्याने दोन ओळींत सांगितलं. जाताना त्याची आई म्हणाली, "लिही तू हे. आमचं नाव नको, पण लिही. मी खोटं बोलून बोलून दमलेय."

आता माझं. मैत्रिणीने ओट्याशी ते सांगितलं, त्या रात्री मी बाथरूममधलं कपाट उघडलं. २०१९ मध्ये क्रिकेट खेळताना आमच्या ह्यांच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिकोडोनच्या तीस गोळ्या मिळाल्या. ह्यांनी चार घेतल्या आणि मग साध्या गोळीवर भागलं. शिक्षकी सवयीने मी प्रत्येक गोळीला बाटलीच्या लेबलवर पेनने एक रेघ मारली होती. चार रेघा. बाकीच्या 'असू देत, परदेशात कधी उपयोगी पडतील, टाकायच्या कशाला' म्हणून ठेवल्या. आपण आईस्क्रीमचे डबेसुद्धा टाकत नाही, या तर विम्यातून आलेल्या गोळ्या.

बाटलीत सव्वीस हव्या होत्या. मी स्टीलच्या ताटलीत ओतून तीनदा मोजल्या. एकोणीस होत्या.

ह्यांना विचारलं, त्यांनी घेतल्या नव्हत्या. सात गोळ्या कुणीतरी नेल्या. पाच वर्षांत त्या बाथरूममध्ये कोण गेलं नाही? गणपती, हळदीकुंकू, मुलांचे वाढदिवस, पॉटलक, दिवाळीच्या तालमी. प्लंबर आला, बेबीसिटर आली. माझ्या मैत्रिणीचा मुलगाही आला. "कुणाच्या घरातल्या," तो म्हणाला होता. मी त्याला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्याने नेल्या नसतील तर दुसऱ्या कुणाच्या मुलाने नेल्या असतील. माझ्या घरून गेल्या एवढं नक्की. वडिलांना लागत होतं तेव्हा मी हेच औषध त्यांच्या हाती पडू दिलं नाही, आणि ज्याला नको होतं त्याच्यासाठी पाच वर्षं उघड्या कपाटात मांडून ठेवलं.

म्हणून मैत्रिणींनो, फराळाआधी घराची साफसफाई करतो तेव्हा यंदा एक कपाट जास्त. उरलेल्या गोळ्या पोलिस ठाण्यातल्या किंवा औषधाच्या दुकानातल्या पेटीत टाकता येतात. देशभर त्या परत घेण्याचे दिवस वर्षातून दोनदा असतात, साधारणपणे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे एक अगदी दिवाळीच्या आसपास. पेटी जवळ नसेल तर ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्या फ्लश केल्या तरी चालतात. घरात खरंच गरजेच्या असतील तर कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा.

नॅलोक्सोनचा स्प्रे घरात ठेवा. कुणी हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद किंवा घरघर लागलेला, ओठ-नखं निळी, बाहुल्या टाचणीएवढ्या, तर एका नाकपुडीत स्प्रे मारा आणि ९११ ला फोन करा. श्वास नीट नसेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसा तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा मारा. श्वास सुरू झाल्यावर कुशीवर वळवा आणि तिथून हलू नका, कारण स्प्रेचा असर तास-दीड तासाच्या आत उतरतो आणि ओपिऑइड मागे उरलेलं असू शकतं. कारण दुसरंच निघालं तर स्प्रेने अपाय होत नाही. पोलिस येतील, व्हिसाचं काय होईल, हा विचार माझ्याही मनात आला असता. पण ऑक्सिजनवाचून मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते, त्यात या विचाराला वेळ नाही. नुसतं बोलायचं असेल तर ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

मंडळाच्या समितीपुढे मी प्रस्ताव ठेवला, की दिवाळीच्या कार्यक्रमात प्रथमोपचाराच्या पेटीत दोन स्प्रे असावेत. "सणासुदीला हे कशाला? लोक काय म्हणतील?" असा प्रश्न आलाच. तेव्हा मी ताटलीतल्या एकोणीस गोळ्यांची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमचे खजिनदार काका म्हणाले, "माझ्याकडे पाठीच्या ऑपरेशनच्या आहेत. घरी जाऊन मोजतो." स्प्रे पेटीत आले आहेत, रंगमंचाच्या डाव्या बाजूला, बँडेजच्या शेजारी.

यंदा अनारसे केले तेव्हा पहिले चार हसलेच. पाचवा मैत्रिणीच्या मुलासाठी वेगळा काढला. त्याला उपचाराचा भाग म्हणून तपासणी द्यावी लागते, त्यामुळे नणंदेची युक्ती वापरली आणि त्याचे सगळे तिळावर थापले. त्याने खाऊन सांगितलं, "मावशी, फरक कळत नाही."

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. आणि हो, कपाट उघडाल तेव्हा मोजायला विसरू नका.